कालव्याच्या पाण्याचा हिशेब

अमेरिकेतील होल्योक शहरात १८४८ साली नदीवर बांधलेले धरण पाणी अडवले त्याच दिवशी फुटले. पुढच्या वर्षी दुसरे बांधून गावात तीन पातळ्यांवर कालवे खेळवले. वरच्या कालव्याचे पाणी गिरणीची चक्रे फिरवून खालच्या कालव्यात पडे व पुन्हा कामाला येई. काठावर कागदाच्या गिरण्या वाढल्या. त्यांना लगदा धुवायलाही पाणी लागे. पाण्याचे पैसे घ्यायचे, तर ते मोजायला हवे! पाणीकंपनीचे अभियंता क्लेमेन्स हर्शेल यांनी १८८७च्या सुमारास नळ मध्येच अरुंद करून पाहिला. अरुंद जागी पाण्याचा वेग वाढतो, दाब मात्र घटतो. (विद्यार्थी हटकून उलट सांगतात.) या दाबातील फरकावरून प्रवाह कळतो. हर्शेल यांनी मापकाला इटलीच्या व्हेंचुरींचे नाव दिले.