उन्हाला लावायची काळी काच

लग्नसराई आली की अळणावरच्या रस्त्यावर कॅमेरे दिसू लागतात. हळियाळ-दांडेलीकडे जाताना सागवानाचं रान लागतं आणि लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांना तेच हवं असतं. या मंडळींच्या लेन्सपुढे हल्ली एक काळी काच असते. कडी फिरवाल तशी ती गडद होते. तिचं नाव व्हेरिएबल एनडी फिल्टर. चांगले कॅमेरे आता घरोघरी आले आहेत, त्यामुळे कॉलेजातली मुलंही विचारतात, "सर, ही काच घ्यावी का?"

आधी ती कशासाठी असते ते पाहू. चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर हवं असेल, तर लेन्सचं तोंड, म्हणजे ॲपर्चर, मोठं उघडावं लागतं. आता आपल्याकडचं दुपारचं ऊन घ्या. जुना ठोकताळा असा, की आयएसओ १०० आणि एफ/१६ असताना लख्ख उन्हात शटर साधारण १/१०० सेकंद लागतं. तेच ॲपर्चर एफ/२ केलं की प्रकाश ६४ पट आत येतो आणि शटर १/६४०० वर न्यावं लागतं. अनेक कॅमेरे १/४००० ला थांबतात. त्यात फ्लॅश वापरायचा तर बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १/२०० च्या आसपासच ठेवावं लागतं. काही फ्लॅश वेगवान शटरलाही चालतात, पण मग त्यांची ताकद फार घटते. १/६४०० आणि १/२०० यांत ३२ पटींचा फरक. तेवढा, म्हणजे पाच स्टॉप, प्रकाश ही काच अडवते.

गंमत पाहा. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. तेव्हा काचेवरचा मसाला इतका मंद, की भर उजेडातही माणसाला काही सेकंद दगडासारखं बसवावं लागे. त्यांना प्रकाश पुरत नव्हता, आपण तो फेकून देण्यासाठी पैसे मोजतो!

मात्र एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. काच ऊन अडवते तसा फ्लॅशही अडवते. एफ/२ वर पाच स्टॉपची काच लावली, की फ्लॅशला एफ/११ इतकीच मेहनत पडते. म्हणजे चेहऱ्यावरच्या उजेडात काही फरक पडत नाही, फरक पडतो तो फक्त मागच्या धूसरपणात. कडक ऊन या काचेनं मऊ होत नाही. डोळ्यांखालची काळी सावली आणि मिटमिटणाऱ्या पापण्या तशाच राहतात.

दुसरी गोष्ट आतल्या रचनेची. ही काच म्हणजे एकापुढे एक बसवलेल्या दोन पोलरायझर काचा. पुढची फिरवली की अंधार वाढतो, आणि त्याबरोबर कातडीवरची चकाकीही कमी-जास्त होते. तेलकट चमक गेली तर बरंच, पण सावळ्या चेहऱ्याला त्या चमकेनंच घाट येतो. ती पार पुसली तर चेहरा मातीचा दिसतो. इरकलीच्या रेशमाची झळाळीही बदलू शकते. सोन्याचा दागिना मात्र चमकतच राहतो, कारण धातूवरून आलेल्या उजेडावर पोलरायझरचा फारसा इलाज चालत नाही. अंधार आणि चमक वेगवेगळी हवी तशी ठेवता येत नाहीत, म्हणून कडी फिरवल्यावर प्रत्येक वेळी चेहरा नीट पाहावा. शेवटच्या टोकापर्यंत तर फिरवूच नये. रुंद लेन्सवर फोटोत फुलीसारखा काळा डाग उमटतो.

मग घ्यावी का? नवरानवरीचे फोटो उन्हात, फ्लॅश लावून काढायचे असतील तर जरूर घ्यावी. व्हिडिओसाठीही ती कामाची, कारण तिथं शटर १/५० च्या आसपास ठेवतात.

पण आजीचा फोटो काढताना ती काच पिशवीतच राहू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातला तो एकच फोटो पुढं भिंतीवर राहतो. तिच्या मागं उंबरा असतो, तुळशीवृंदावन असतं, दारावर एकीकडे मराठी आणि एकीकडे कन्नड अक्षरांत लिहिलेलं नाव असतं. ते सगळं पुसून हिरवा धूर कशाला करायचा? नातवंडांना तो फोटो कुठल्या घरातला हे कळायला हवं. आजीला पडवीच्या सावलीत, अंगणाकडे तोंड करून बसवा. अंगणातलं ऊन परतून चेहऱ्यावर मऊ पडतं. ॲपर्चर एफ/५.६ ते एफ/८ ठेवा, आयएसओ लागेल तसा वाढवा. डोळे आपोआप उघडे राहतात, "अज्जी, कण्ण मुच्चब्याडरी" असं ओरडावं लागत नाही. "स्वल्प नगरी" एवढं म्हटलं की पुरे.

सगळ्या घराचा दोन ओळींतला फोटो असेल तर प्रश्नच मिटला. मागच्या ओळीतले काका-काकू स्पष्ट यायचे तर एफ/८ लागतोच.