गाडीच्या बुशांची करकर आणि वंगणाची निवड

बैलगाडीचा आस कुरकुरू लागला की त्यास वंगण द्यावे, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तीच रीत आता जीप व पिकअप ह्या गाड्यांनाही लावली जाते. माल भरून शेतरस्त्याने जाताना गाडीच्या खालून करकर ऐकू आली की इंजिनाचे जुने तेल किंवा डिझेल बुशांवर ओतले जाते. आवाज चार दिवस थांबतो खरा. परंतु बुश मात्र त्या तेलानेच लवकर निकामी होतो.

ह्याचे कारण उघड आहे. आसावर लोखंडाशी लोखंड घासते, तर मोटारगाडीच्या बहुतेक बुशांत रबर असते. डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल आणि नेहमीचे ग्रीस ही सर्व खनिज तेलाची रूपे होत. खनिज तेल नैसर्गिक रबरात शिरते. त्यामुळे रबर फुगते, मऊ पडते आणि शेवटी फाटते. म्हणून वंगण निवडण्यापूर्वी बुश कशाचा आहे हे पाहणे अगत्याचे आहे.

पाट्यांच्या टोकांशी, शॅकलजवळ, ग्रीसचे निपल दिसल्यास आतील बुश धातूचा समजावा. तेथे ग्रीसगनने लिथियम साबणाचे, क्रमांक २ चे ग्रीस भरावे. पाट्यावरील भार उतरेल अशा रीतीने चासी जॅकने उचलून ठोकळ्यांवर टेकवावी, म्हणजे एरवी दाबून राहणाऱ्या बाजूसही ग्रीस पोहोचते. जुने काळे ग्रीस निघून कडेने नवे दिसू लागेपर्यंत भरणे चालू ठेवावे. भातखाचराच्या चिखलातून नेहमी जाणाऱ्या गाडीस हे काम अधिक वेळा करावे लागते.

निपल नसेल आणि दोन लोखंडी नळ्यांमध्ये रबर पक्के चिकटविलेले असेल, तर तेथे वंगणाचे काहीच काम नाही. अशा बुशात घसरणारा पृष्ठभागच नसतो. रबर पिळले जाऊन आपली हालचाल सांभाळते. तो बुश आवाज करू लागला, तर रबर नळीपासून सुटले असण्याचा संभव असतो. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्ममधील बुश असा सुटल्यास ब्रेक दाबताच चाक जागचे हलते, गाडी एका बाजूस ओढली जाते आणि टायर एकीकडून झिजतो. भरलेली गाडी घाटातून उतरत असता हे घडणे धोक्याचे आहे. येथे बुश बदलणे हाच उपाय होय. वंगणाने आवाज दाबणे म्हणजे इशारा देणाऱ्याचे तोंड बंद करण्यासारखे आहे.

राहिले ते शॉकॲब्सॉर्बरच्या टोकांचे व स्टॅबिलायझर बारचे सुटे रबरी बुश. ह्यांची करकर बहुधा निरुपद्रवी असते. धूळ पुसून त्यांस सिलिकोन ग्रीस लावावे. ते महाग वाटते, पण बोटभर पुरते. पॉलियुरेथेनचे कडक बुश बसविले असतील तर त्यांनाही हेच ग्रीस चालते. एरंडेल रबरास मारक नाही. ब्रेकच्या रबरी भागांना लावावयाचे लाल ग्रीस एरंडेलापासूनच करीत आले आहेत. तथापि घरचे एरंडेल उघड्यावर धूळ धरते व चिकट होते, म्हणून बुशासाठी त्याची शिफारस करता येत नाही. सिलिकोनचा फवारा वापरल्यास तो ब्रेकच्या डिस्कवर किंवा लायनरवर उडू देऊ नये.

आवाज नेमका कोणत्या बुशाचा, हे साध्या पाण्याने कळते. सपाट जागी इंजिन बंद करून चाकांमागे दगड लावावेत. एकाने गाडी बंपरवर दाबून हलवावी व दुसऱ्याने बाजूस बसून एकेका बुशावर पाणी मारावे. ज्यावर पाणी पडताच करकर क्षणभर थांबते, तोच बुश दोषी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

चिकटविलेल्या रबराचा नवा बुश बसविताना आणखी एक काळजी घ्यावी. त्याचा बोल्ट चाके लोंबकळत असताना पक्का आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते व नवा बुशही लवकर फाटतो. यास्तव शेवटचा आवळा गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच द्यावयाचा असतो. गॅरेजमध्ये घाईच्या वेळी हे राहून जाते. तेव्हा मालकाने तेथे उभे राहून ते करवून घ्यावे.