जोडतारेची परीक्षा

उसाने भरलेली गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी राहते, काट्यावर आकडा उमटतो, तोच आकडा तारेतून संगणकाकडे जातो आणि संगणक पावती छापतो. शेतकऱ्याच्या हाती पडते ती पावती. तेव्हा काटा कितीही खरा असला, तरी मधली तार भरवशाची नसेल तर त्या खरेपणाचा उपयोग काय? ह्या मधल्या तारेचा आज आपण विचार करू.

असे काटे, यंत्रशाळेतील लेथ, प्रयोगशाळेतील उपकरणे ही पुष्कळदा आरएस-२३२ ह्या पद्धतीने बोलतात. ही पद्धत अमेरिकेत १९६० साली ठरली. तिच्यात प्रत्येक अक्षराचे बिट एकामागून एक अशा रांगेने जातात. ग्राहकाकडे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट पोहोचले तर १ आणि अधिक ३ ते अधिक १५ पोहोचले तर ० समजावयाचा. पुढे १९९६ साली यूएसबी आली आणि कालांतराने बहुतेक संगणकांवरून नऊ पिनांची जुनी जोडणी नाहीशी झाली. म्हणून दोहोंमध्ये एक जोडतार घालावी लागते. ती नुसती तार नव्हे. तिच्या पोटात चिप असते आणि ती दुभाष्याचे काम करते. दुभाषा चुकला तर काय होते ते पाहा. संगणकाच्या लिपीत ७ आणि ३ ह्या अंकांत केवळ एका बिटाचा फरक आहे. तो एक बिट उलटला की १७,५४० किलो वजनाचे १३,५४० होतात. चार टन ऊस कागदावरून नाहीसा!

आता परीक्षेकडे वळू. पहिली परीक्षा अगदी सोपी. जोडतारेच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना एकमेकींस जोडाव्या आणि संगणकावरून मजकूर पाठवावा. तोच मजकूर परत आला तर पाठविणे व घेणे दोन्ही चालू आहेत. मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. येथे बोलणारा आणि ऐकणारा एकच असल्यामुळे दोघांचे घड्याळही एकच असते. ते चुकीचे असले तरी चूक उघडकीस येत नाही. एका अक्षरासाठी साधारणपणे दहा बिट लागतात आणि ग्राहक प्रत्येक बिट मध्यावर वाचतो. म्हणून दहाव्या बिटापर्यंत दोन घड्याळांतील अंतर अर्ध्या बिटाहून कमीच राहिले पाहिजे. ही मर्यादा सुमारे ५ टक्के पडते. व्यवहारात ते २ टक्क्यांच्या आत ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी परीक्षा दाबाची. काही पाठविले जात नसताना ३ आणि ५ क्रमांकाच्या पिनांमध्ये मीटर लावावा. निदान उणे ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. अधिक ३.३ किंवा अधिक ५ दिसले, तर ती तार वेगळ्या जातीची. काट्याला जोडू नये.

तिसरी परीक्षा खरी कसोटीची. दोन निराळ्या बनावटीच्या जोडतारा समोरासमोर, उलटसुलट जोडणीने, जोडाव्या आणि ठरावीक मजकूर दोन्ही दिशांनी एकाच वेळी तासभर पाठवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. सेकंदाला १,१५,२०० बिट ह्या वेगाने तासात एका दिशेने ४,१४,७२,००० अक्षरे जातात. त्यांत एकही चूक निघाली नाही, म्हणजे चूक होणारच नाही असे नव्हे. चुका एकमेकींवर अवलंबून नसतील असे धरले, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की चुकीचे प्रमाण सुमारे १ कोटी ३८ लाख अक्षरांत एकाहून जास्त नाही. परंतु चुका बहुधा घोळक्याने येतात: शेजारची मोटार सुरू होताना, तार हलताना, संगणक झोपेतून उठताना. म्हणून परीक्षा चालू असताना हे सर्व मुद्दाम घडवून पाहावे.

चिपच्या नकलांचाही प्रश्न आहे. २०१४ साली एफटीडीआय कंपनीचा एक नवा ड्रायव्हर विंडोजच्या अद्ययावतीकरणातून आला, तेव्हा तिच्या चिपच्या नकली प्रतींची ओळखच पुसली गेली आणि अनेकांच्या जोडतारा एकाएकी मुक्या झाल्या. पुढे तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. तार आज चालते म्हणून उद्याही चालेल असे गृहीत धरता येत नाही, ते ह्यासाठी.

म्हणून यंत्रांच्या जोडणीतच पडताळा असावा. अक्षरामागे एक जादा बिट ठेवला, तर एका बिटाची उलथापालथ पकडली जाते. सबंध संदेशाची बेरीज सोबत पाठविली, तर त्याहून अधिक चुका सापडतात. आणि ज्यांच्या हाती मीटरही नाही, संगणकही नाही, त्यांनी काट्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा जागच्या जागी ताडून पाहावा. ह्या परीक्षेस केवळ दोन डोळे लागतात, आणि ती करण्याचा हक्क प्रत्येक गाडीवानाला आहे.