आजोबांचं नाव जुन्या वहीत कसं वाचावं

बारावीचा निकाल लागला की आपल्या हरसूल भागात जात पडताळणीची धावपळ सुरू होते. कुणाच्या मुलीला नर्सिंगला जायचं असतं, तर कुणी बचत गटातली बाई राखीव जागेवर ग्रामपंचायतीला उभी राहणार असते. दाखला हातात असतो, पण समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली, म्हणून त्याआधीच्या कागदाला वजन जास्त.

त्या काळी आपले आजे-पणजे शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव सापडतं. पण गेले होते किती जण? मग उरतं तहसीलमधलं गाव नमुना १४. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिलेले असतात. आपला त्र्यंबकेश्वर तालुका नंतर झाला, म्हणून पेठच्या तहसीलमध्येही विचारून बघा.

वही सापडली तरी ती वाचता येईलच असं नाही. बरीच जुनी पानं मोडीत असतात. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि हात न उचलता अक्षरं जोडत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. यासाठी मोडी शिकलेला माणूसच गाठावा. २०२३ मध्ये शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा अशा जाणकारांना किती मागणी आली ते तुम्ही ऐकलंच असेल.

बाळबोध पानं मात्र आपण स्वतः वाचू शकतो, फक्त घाई नको. घाईत लिहिलेला ‘भ’ हा ‘म’सारखा दिसतो, ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच वाटतात, ‘ख’ सुटून ‘रव’ होतो. आकड्यांत १ आणि ९ फसवतात. अक्षर अडलं तर अंदाज करू नका. त्याच पानावर, त्याच हातानं लिहिलेलं ओळखीचं नाव शोधा. गावाचं नाव तर जागोजागी असतंच. त्यातलं अक्षर आणि अडलेलं अक्षर शेजारी ठेवून पाहा.

काही शब्द आधीच माहीत हवेत. ‘काळू बिन सोमा’ म्हणजे सोमाचा मुलगा काळू. ‘बुधी कोम लखमा’ म्हणजे लखमाची बायको बुधी. हे ‘कोम’ म्हणजे आडनावही नाही आणि जातही नाही. आडनाव पुष्कळदा नसतंच. जन्माच्या नोंदीत बाळाचं नावही नसतं, नुसतं ‘मुलगी’ लिहून बापाचं नाव. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते ना!

हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. आयर्लंडमध्ये १९२२ साली डब्लिनचं सरकारी दप्तर जळालं आणि जुन्या जनगणनेचे बरेचसे कागद गेले. आता तिथली माणसं पणजोबा शोधायला चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या उघडतात. त्यात पुष्कळ नावं लॅटिनमध्ये आहेत. घरचा जेम्स वहीत याकोबुस होतो. आपल्याकडे लक्ष्मणाचा लखमा होतो, तसंच.

म्हणून तहसीलला जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा. कुणाला काय हाक मारायचे, किती भावंडं होती, कोण लहानपणी गेलं, हे तिला पाठ असतं. ते सगळं लिहून घ्या. पुरावा बापाच्या बाजूचा लागतो, त्यामुळे सासरी गेलेल्या आत्यालाही विचारा. बाईचं स्वतःचं प्रकरण असेल तर तिच्या माहेरचे कागद लागतात, नवऱ्याचे चालत नाहीत.

वहीत लखमा आणि दाखल्यावर लक्ष्मण असं निघालं तर घाबरू नका. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र वंशावळीसोबत जोडा. मूळ नोंदीवर किंवा झेरॉक्सवर पेन लावून नाव ‘सुधारू’ मात्र नका. दक्षता पथक मूळ वही तपासतं आणि खाडाखोड दिसली की खऱ्या नोंदीवरही संशय येतो.

नक्कल मागताना एका ओळीची मागू नका. पूर्ण पानाची साक्षांकित नक्कल मागा, म्हणजे शेजारच्या नोंदींवरून अक्षर ताडून पाहता येईल.