चिठ्ठी परत का आली?

पाठवलेलं पत्र परत आलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? त्यावर पोस्टमनकाकांचा शेरा असतो. 'पत्ता अपुरा', 'घर बंद', 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही'. पत्र पोचलं नाही याचं वाईट वाटतं, पण शेरा वाचला की पुढं काय करायचं ते तरी कळतं. कॉम्प्युटरलाही असेच शेरे मिळतात. आपण मात्र ते न वाचताच 'नेट गेलं!' म्हणून मोकळे होतो.

मीसुद्धा तेच केलं होतं. आमची शाळा निफाडची. गेल्या वर्षी एका परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. शेवटचा दिवस होता आणि पाचवीतल्या एका मुलीचा अर्ज राहिला होता. तिची आई द्राक्षबागेतली दिवसाची मजुरी बुडवून कागदपत्रं घेऊन आली होती. आणि पान काही उघडेना! राउटर तीनदा बंद-चालू केला. शेवटी नेट जोडून देणाऱ्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, उद्या येतो. तोवर पिंग करून बघा." त्यांनी काय टाइप करायचं ते सांगितलं. पडद्यावर चार इंग्रजी ओळी आल्या. मी त्या न वाचताच कपाळाला हात लावला.

पुढची गोष्ट सांगण्याआधी राउटर काय करतो ते बघू. आपण पाठवलेली माहिती छोट्या छोट्या पुडक्यांतून जाते. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता आकड्यांत असतो, आपल्या पिनकोडसारखा. निफाडचा पिनकोड 422303. पहिले तीन आकडे पाहून पत्र नाशिककडे वळतं, पुढचे तीन पाहून निफाडला येतं. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी. ते संस्कृतचे पंडितही होते! राउटरही तसंच करतो. पत्त्याचा सुरुवातीचा भाग बघतो आणि पॅकेट योग्य वाटेनं पुढच्या राउटरकडे ढकलतो.

वाटेत अडचण आली तर पाठवणाऱ्याला कसं कळवायचं, याचे नियम 1981 साली ठरले. 1983 मध्ये माइक म्यूस या अमेरिकन माणसानं 'पिंग' हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधताना आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात ना, त्यावरून हे नाव पडलं. पिंग हाक मारतो, 'आहेस का रे?' उत्तर आलं तर वाट नीट आहे. नाही तर शेरा येतो.

'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' म्हणजे त्या घरापर्यंत पोचता येत नाही.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' हा कुणी पाठवलेला शेराच नव्हे. आपला कॉम्प्युटर म्हणतो, 'वाट पाहिली, कुणी बोललंच नाही.' वाट तुटली असेल किंवा पलीकडच्यानं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं असेल.

'टीटीएल एक्स्पायर्ड' तर फार मजेशीर. प्रत्येक पॅकेटवर 64 किंवा 128 असा एखादा आकडा असतो. प्रत्येक राउटर त्यातून 1 वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतो आणि तसं कळवतो. नाही तर वाट चुकलेली पॅकेटं दोन राउटरमध्ये चेंडूसारखी कायमची फिरत राहिली असती!

आता आमची गोष्ट. ती पाचवीतली मुलगी पडद्याजवळ आली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. "रिप्लाय फ्रॉम... बाई, रिप्लाय म्हणजे उत्तर ना? मग हे उत्तर कुणी दिलंय?"

मी दचकलेच. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' या शब्दांच्या आधी एक पत्ता होता आणि तो आमच्याच कॉम्प्युटरचा होता! म्हणजे आमची चिठ्ठी शाळेबाहेर गेलीच नव्हती. ऑफिसातल्या राउटरपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. आम्ही वायरीच्या मागे मागे गेलो. सकाळी साफसफाईसाठी कपाट सरकवलं होतं. त्यामागे राउटरकडे जाणारी वायर खाचेतून निसटली होती. ती आत दाबली, 'टक्' असा आवाज आला आणि पान उघडलं. साडेपाच वाजता अर्ज भरला गेला. मुलीची आई म्हणाली, "बाई, तिला वाचायला शिकवलं ते बरं झालं!"

तुमच्या घरचं नेट बंद पडलं तर आधी राउटरचे दिवे बघा. फायबरच्या वायरीवर चालणाऱ्या डब्यावर 'एलओएस' हा दिवा लाल झाला असेल तर वायरीतून प्रकाश येत नाहीये, हे समजा. पण ती वायर स्वतः काढू नका, वाकवू नका. मग पडद्यावरचा शेरा जसाच्या तसा वहीत उतरवा. उत्तर कुणाकडून आलं, तेही लिहा. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आता अशी एक वही टांगली आहे. पहिल्या पानावरचं अक्षर त्या मुलीचं आहे.