मुलाच्या हाती गाडी

खारबाव हे वसई-दिवा लोहमार्गावरचे स्टेशन. गाडी चुकू नये म्हणून “काकांना स्टेशनवर सोडून ये,” असे घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला सहज सांगितले जाते. वडिलांची मोटारसायकल दारात उभीच असते. यात कायद्याने दोषी कोण? एकटा मुलगा, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटत असेल. ते तसे नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ घालण्यात आले. अल्पवयीन मुलाकडून वाहनाचा गुन्हा घडला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

“मला ठाऊक नव्हते,” असे वडील म्हणाले तर? त्यांची संमती होती असेच न्यायालय प्रथम गृहीत धरते. हे आपल्या नकळत घडले, किंवा आपण योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, हे त्यांनी सिद्ध करावयाचे असते.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते खरे. परंतु ते ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीपुरतेच. नेहमीची मोटारसायकल त्यात बसत नाही. आणि अपघातात कोणी जखमी झाले, तर विमा कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल होऊ शकते.

तेव्हा किल्ली खुंटीला न टांगता कुलपात ठेवावी, आणि मुलगा अठराचा झाला म्हणजे त्याला रीतसर लायसन्स काढून द्यावे.