समुद्र सगळीकडे आहे, मग पाहुणे तिथेच का जातात?



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. आमच्या गटातल्या सहा जणींनी गावच्या पुळणीवर खाण्याचा स्टॉल टाकायचं ठरवलं. ग्रामसंघाकडून ४० हजारांचं कर्ज घेतलं. ताडपत्री, बाकडी, गॅसची शेगडी, कोकम सरबत, घावन-चटणी, सगळी तयारी झाली. आमची पुळण लांबलचक, मागे सुरूचं बन, पाणी स्वच्छ. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या रस्त्याने जायच्या. जायच्या, पण थांबायच्या नाहीत! सगळ्या दहा-बारा किलोमीटर पुढच्या किनाऱ्यावर. तिथे पाय ठेवायला जागा नाही आणि आमच्याकडे कुत्रं फिरकत नाही. भिजवलेलं पीठ किती वेळा फेकून दिलं ते विचारू नका. कर्जाचे हप्ते आम्ही शेवटी शिवणकामातून आणि काजूच्या मजुरीतून फेडले.

तेव्हा नशिबाला बोल लावला. पुढे अभ्यास दौऱ्यांच्या निमित्ताने आणि नातेवाइकांकडे जाता-येता मी नावाजलेले किनारे जरा डोळे उघडे ठेवून बघितले. लोक तिथे नेमके कशासाठी जातात, किती वेळ थांबतात, पैसे कुठे खर्च करतात. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगते. किनाऱ्यावर काही करायचा विचार तुमच्या गटात चालू असेल तर कर्जाचा अर्ज भरायच्या आधी हे वाचा.

पहिली गोष्ट पोचण्याची. अलिबाग, नागाव, काशीद हे किनारे इतके गजबजलेले का? मुंबईपासून जवळ म्हणून. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून लोक आपली गाडीच बोटीत घालून तासाभरात पलीकडे उतरतात. शनिवारी सकाळी निघालं की रविवारी रात्री घरी. रत्नागिरीजवळचं आरे-वारे बघा. दोन किनारे आणि मधला डोंगर पूर्वीही होताच की. पण गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता तिथून गेला आणि वळणावर गाडी थांबवून फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जाईना. आमच्या गावाला मुख्य रस्त्यावरून आत यायला फाटा आहे, पण त्यावर साधी पाटीसुद्धा नव्हती. बाहेरच्या माणसाला कळणार कसं की आत समुद्र आहे?

आता वाळू आणि पाणी. पाहुणे विचारतात, "इथली वाळू काळी का हो?" आपल्याला उत्तर यायला हवं. वाळू म्हणजे डोंगराचा आणि शिंपल्यांचा चुरा. रायगडकडचा खडक बहुतेक काळा बेसॉल्ट, म्हणून तिकडच्या बऱ्याच किनाऱ्यांची वाळू काळपट. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या इथल्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड काळं खनिज आहे. खाली सिंधुदुर्गात गेलं की खडक बदलतो, गारगोटीचा अंश वाढतो, त्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतो आणि वाळू पांढुरकी होते. तारकर्लीचं पाणी थंडीच्या दिवसांत इतकं नितळ असतं की तळ दिसतो. त्यामुळेच तिकडे स्कूबा डायव्हिंग वाढलं. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळ आहेत. शिवाय समोर सिंधुदुर्ग किल्ला आणि देवबागला कर्ली नदीचा संगम. एका दिवसात चार गोष्टी बघून होतात. काळी वाळू म्हणजे घाण वाळू, असं मात्र कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

नुसतं सौंदर्य कितपत पुरतं याबद्दल मला आता शंका आहे. प्रत्येक नावाजलेल्या किनाऱ्याला "तिथे जाऊन काय बघितलं?" या प्रश्नाचं एक उत्तर असतं. गणपतीपुळ्याला डोंगराच्या पायथ्याशी स्वयंभू गणपती आणि दारातच समुद्र. अलिबागला ओहोटीच्या वेळी चालत जाता येईल असा कुलाबा किल्ला. हर्णैला माशांचा लिलाव.

दिवेआगरचं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. १९९७ साली तिथे एका बागेत खणताना सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला. दर्शनाला रीघ लागली. लोकांनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या, घराघरांत जेवणाच्या पंक्ती उठू लागल्या, मोदकाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, पहारेकरी मारले गेले आणि मुखवटा चोरीला गेला. समुद्र तोच, नारळी-पोफळीच्या बागा त्याच, पण पाहुणे कमी झाले. ज्या घरांनी पाहुण्यांच्या भरवशावर कर्ज काढून खोल्या बांधल्या असतील त्यांचं काय झालं असेल ते बचत गटातल्या बाईला समजावून सांगायला नको. परत मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून २०२१ च्या नोव्हेंबरात बसवण्यात आला. मधल्या नऊ वर्षांत तगलं कोण असेल? माझा अंदाज असा, की ज्यांच्या घरचं जेवण आणि आदरातिथ्य लोकांच्या लक्षात राहिलं होतं, तेच.

आता वेळासची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त पटली. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव, नाना फडणवीसांचं. तिथल्या पुळणीवर थंडीत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं रात्री येऊन अंडी घालतात. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी. पूर्वी ती अंडी लोक खणून नेत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत तशीच पुरायची आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. पुढे ते बघायला लोक येऊ लागले आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. तिथे मोठी हॉटेलं नाहीत. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात आणि घरचंच जेवतात.

यातली मेख लक्षात आली का? पिल्लं सोडतात सकाळी लवकर आणि संध्याकाळी. सकाळचं बघायचं तर रात्री गावात राहायलाच हवं. म्हणजे एका माणसामागे एक मुक्काम, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता. एखाद्या दिवशी पिल्लं निघालीच नाहीत तर काही जण आणखी एक रात्र राहतात. आता सूर्यास्त बघायला आलेला माणूस आठवा. सूर्य बुडाला, फोटो काढला, गाडी वळवली. एक कटिंग चहा, फार तर. म्हणून गटात चर्चा करताना मी आता आधी हेच विचारते: आपल्याकडची बघण्याची गोष्ट दिवसाच्या कोणत्या वेळी घडते?

आणि ती गोष्ट टिकवायची तर काही पथ्यं आलीच. कासवाचं पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. काळोख्या रात्री समुद्राकडचं क्षितिज उजळ दिसतं म्हणून ते पाण्यात पोचतं. मागे स्टॉलचे झगझगीत दिवे असले तर बिचारं उलट फिरतं. पुळणीवर गाड्या फिरवल्या तर घरटी चिरडतात, शिवाय गाड्या वाळूत रुततात त्या वेगळ्याच. "गिऱ्हाईक नाराज होईल" म्हणून गाडीवाल्याला अडवायला आपण बिचकतो. मीही बिचकायचे.

दुसरं नाव वेंगुर्ल्याचं. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी स्वतः वल्हवतात, कांदळवनाच्या जाती, पक्षी, खेकडे ओळखून सांगतात. आपल्यासारख्याच गटातल्या बाया आहेत त्या. त्यांच्याजवळ होतं काय? रोजच्या कामामुळे अंगात मुरलेली खाडीची माहिती. तेवढ्यावर त्यांनी उद्योग उभा केला. भांडवलापेक्षा हे मला मोठं वाटलं, कारण आमच्या ४० हजारांतले निम्मे ताडपत्री आणि बाकड्यांतच गेले होते!

गोव्याचं काय, असं कोणीतरी विचारणारच. कळंगुट-बागाला १९६०-७० च्या काळात विदेशी हिप्पी आले, मग विमानं भरून पर्यटक येऊ लागले, मग हॉटेलं झाली. आपण त्याची नक्कल करू नये असं माझं मत. एक मात्र घ्यावं. किनाऱ्यावरचे शॅक तिथे पावसाआधी उतरवावे लागतात. म्हणजे किनाऱ्यावरचा धंदा हंगामी, हे तिथे नियमातच आहे. आपणही हप्ता ठरवताना जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरून रुपया येणार नाही असं धरूनच हिशोब मांडावा.

आता जिवाची गोष्ट. किनाऱ्यावर माणूस बुडाला की पुढचे कित्येक शनिवार गाव सुनं पडतं. आणि धंद्याचं सोडा हो, कुणाचं तरी लेकरू गेलेलं असतं. बुडणारे बहुतेक बाहेरगावचे. त्यांना दोन गोष्टी माहीत नसतात. एक, पाण्याची ओढ. लाटांनी किनाऱ्याला आलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात परत जातं. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तो तिथेच उतरतो. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहायचं, ओढ सुटली की मग आत यायचं. आणि वाचवायला आपण थेट उडी घ्यायची नाही. दोर, रिकामा कॅन, नारळाची मोळी, जे तरंगेल ते फेकायचं.

दुसरी, भरतीची वेळ. कोळी घरातल्या मैत्रिणींना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण, म्हणजे सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमाराला. दक्षिणेकडे ती थोडी आधी येते, म्हणून आपल्या गावच्या जुन्या माणसांकडून एकदा ताळा करून घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा जास्त सांभाळायचं.

पाहुण्यांमध्ये बायाही असतात. त्या नवऱ्याला पहिलं काय विचारतात माहीत आहे? "तिथे बाथरूम आहे का?" नसेल तर गाडी पुढे जाते. जेवणाच्या चवीपेक्षा हे आधी येतं. परदेशातून 'ब्लू फ्लॅग' नावाचं मानांकन किनाऱ्यांना मिळतं, त्याच्या ३३ निकषांत स्वच्छ पाणी, कचऱ्याची सोय, स्वच्छतागृहं, जीवरक्षक हीच मंडळी आहेत. २०२० मध्ये भारतातल्या आठ किनाऱ्यांना ते पहिल्यांदा मिळालं. त्यात महाराष्ट्रातला एकही नव्हता. त्यानंतर श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर, पारनाका यांच्यासाठी प्रयत्न सुरू झाले. ग्रामपंचायतीने स्वच्छतागृह बांधलं तर ते चालवायला गटाने मागून घ्यावं, असं मी म्हणेन. काम हलकं समजू नका, रोख पैसा रोज हातात येतो.

कागदपत्रांचंही थोडक्यात. घरात पाहुणे ठेवायचे तर पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा. जेवण विकायचं तर अन्न परवान्याची नोंदणी लागतेच. राज्याच्या २०२३ च्या 'आई' महिला पर्यटन धोरणात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळण्याची तरतूद आहे. व्यवसाय बाईच्याच नावावर हवा. नवऱ्याच्या नावाची पाटी आणि आपले फक्त हात, असं असेल तर तिथेच अडतं.

आमच्या गटाचं पुढे काय झालं? मागच्या दिवाळीपासून पुन्हा हालचाल सुरू केली आहे, पण स्टॉल नाही टाकला. आधी फाट्यावर पाटी लावली. मग चार रविवार दोघी-दोघींनी फाट्यावर बसून आत वळणाऱ्या गाड्या वहीत मोजल्या. आमच्याकडे पहाटे रापण ओढतात, ती बघायला दोन घरांनी ओळखीतले पाहुणे रात्री ठेवून बघितले. पहाटे पाच वाजता मुंबईची मुलं दोराला हात लावून ओढत होती आणि नंतर त्यातलेच बांगडे तव्यावर पडेपर्यंत जागची हलली नाहीत. दोन्ही घरांचा हिशोब गटाच्या वहीत लिहिला आहे. पुढच्या महिन्याच्या प्रभाग संघाच्या बैठकीला ती वही घेऊन येते. तुमच्या गावचीही पुळण असेल तर येताना एवढं मोजून या: फाट्यावरून आत किती गाड्या येतात, आणि त्यातल्या किती रात्री थांबतात.